अडतीस नंबरची जोडी

उद्यमबाग ही आमच्या सीमाभागातली कारखान्यांची वसाहत, तिथं मला फोनवाला शामू म्हणतात. मोबाईलच्या जमान्यात फोनवाल्याला कोण विचारतो असं लोकांना वाटतं, आणि आमच्या गावात तर मी बायकोच्या शिलाईवर जगतो असं बोलणारेही आहेत. त्यांनी फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, आतून पाहिलेली नाही. तिथल्या आवाजात मोबाईल ऐकू येत नाही, शिवाय बऱ्याच कारखान्यांत तो गेटवरच काढून ठेवावा लागतो. आत खांबाला लोखंडी पेटीत जाड रिसीव्हरचा फोन असतो. दोन आकडे दाबले की गेट, दुसरे दोन दाबले की दवाखाना. ते फोन बसवायचे, तारा ओढायच्या, सगळ्या तारा जिथं येऊन मिळतात ते ऑफिसातलं एक्स्चेंज साफ ठेवायचं, त्याच्या बॅटऱ्या बदलायच्या, हे माझं काम. बावीस वर्षं करतोय. दुसऱ्या कुणी केलेलं गबाळं काम दिसलं की माझं डोकं फिरतं. लोंबणारी तार, नाव न लिहिलेलं टोक, उघडं ठेवलेलं झाकण, या गोष्टींवरून मी माणसांना चारचौघांत घालूनपाडून बोललेलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव येणार नाही.

ज्या कारखान्यात हे घडलं त्याचं नाव मी सांगत नाही. नाव घेतलं की दोष तिकडे सरकतो आणि मी जरा मोकळा होतो. तसं मला व्हायचं नाही.

त्या कारखान्याच्या ऑफिसापासून मागच्या शेडपर्यंत जमिनीखालून एक जाड केबल गेली आहे. प्रत्येक फोनला दोन तारांची एक जोडी लागते आणि त्या केबलमध्ये अशा वीस जोड्या आहेत. जोडावरून पाणी आत शिरून शिरून बारा जोड्या मेल्या होत्या. उरलेल्या आठ कामात होत्या. नवी केबल टाका म्हणून मी दोन वर्षं सांगत होतो, आणि टाकू म्हणून ते दोन वर्षं सांगत होते.

आमच्या धंद्यात एक सवय आहे. जोडी शिल्लक नसली आणि नवा फोन तातडीनं पाहिजे असला की जो फोन कमी वाजतो त्याची जोडी काढून नव्याला द्यायची. उसनी जोडी म्हणतात तिला. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी ती आणायची आणि दोन दिवसांत परत करायची. या उसनवारीला एकच नियम आहे. ज्याची जोडी काढली त्या फोनच्या रिसीव्हरला लाल चिठ्ठी बांधायची, म्हणजे हा फोन मेलेला आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हीच गोष्ट शिकवली आहे.

गेल्या मार्गशीर्षातला तो शनिवार. कारखान्याचे सुहास साहेब माणसांचं आणि सुरक्षेचं असं दोन्ही बघतात. त्यांनी मला संध्याकाळी चारला बोलावलं. मागच्या शेडला लागून पाहुण्यांसाठी काचेची नवी खोली बांधली होती, सोमवारी पुण्याचे लोक येणार होते, आणि त्या खोलीत फोन नाही हे त्यांना तेव्हा आठवलं होतं. मी म्हटलं, जोडी नाही. ते म्हणाले, काहीतरी कर रे, तू करतोसच. या 'तू करतोसच'वर मी आयुष्यभर भुललो आहे.

मागच्या शेडमध्ये वाळूचा हॉपर आहे. दोन पुरुष उंचीचा लोखंडी हौद, वर रुंद, खाली निमुळता. ओतकामाच्या साच्यांची वापरलेली वाळू त्यात वरून पडते आणि खालून पट्ट्यावर जाते. वाळू ओली असली की आत कडांना धरून बसते. मग एक माणूस कमरेला दोर बांधून आत उतरतो आणि पहारीनं ती पाडतो. दुसरा वर फळीवर दोर धरून उभा राहतो. वरच्यानं जागा सोडायची नाही, काही झालं तर फोन करायचा, असा तिथला नियम आहे. त्यासाठी फळीपासून सहा पावलांवर खांबाला फोन आहे. त्याचा नंबर अडतीस. महिन्यातून दोनदासुद्धा तो वाजत नसे.

मी अडतीसची जोडी काढली आणि काचेच्या खोलीला दिली. ऑफिसातल्या टोकाला दोन तारा हलवल्या, शेडच्या बाहेरच्या भिंतीवर डबी आहे तिथं दोन हलवल्या. पंधरा मिनिटांत खोलीतला फोन वाजला. सुहास साहेबांनी पाठीवर थाप मारली.

लाल चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी ती बांधली नाही. विसरलो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ती चिठ्ठी दिसली की हॉपरमध्ये कुणाला उतरू देत नाहीत. काम अडतं, काम अडलं की सुहास साहेब बोंब मारतात, आणि मला त्याच संध्याकाळी दीडशे मीटर वायर भिंतीवरून ओढत बसावं लागलं असतं. मी मनाशी म्हटलं, उद्या रविवार, सकाळी येतो आणि वायर ओढून अडतीस चालू करतो, चिठ्ठीची गरजच नाही. कारखाना बंद असतो तेव्हाच हॉपर साफ करतात, म्हणजे रविवारीच, हे मला माहीत नव्हतं असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. मला माहीत होतं.

घरी आलो तर नीलमनं, माझ्या बायकोनं, माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी कोगनोळीला तिच्या भाचीचा साखरपुडा होता आणि मी तो साफ विसरलो होतो. काम आहे म्हटल्यावर ती शर्ट परत कपाटात ठेवायला लागली. तिचं ते न बोलणं मला सोसत नाही. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून मी शर्ट घेतला.

कोगनोळीत पंगत बसली होती आणि माझ्या पानात शिरा वाढला जात होता, तेव्हा सुहास साहेबांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. सौरव गेला, म्हणाले, तुमच्या गावचा. हॉपरमध्ये वाळू अंगावर आली. वर रवळू होता, तोही तुमच्याच गावचा. तो जागा सोडून गेटकडे पळाला, गेटवरची दोन माणसं घेऊन परत येईपर्यंत दहा मिनिटं गेली. आता म्हणतोय, फोन लागत नव्हता. शेड बंद करून ठेवली आहे, चारला इन्स्पेक्टर येतील, तू त्याआधी येऊन सगळे फोन बघून घे.

मी हात धुतला. एका गिऱ्हाइकाचं एक्स्चेंज बंद पडलंय एवढंच नीलमला सांगितलं आणि मोटारसायकल काढली. हायवेनं सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात मी सौरवचा विचार केला असं मला सांगता आलं पाहिजे. पोरगा सव्वीस वर्षांचा, आमच्याच गल्लीतला. अडतीसचा फोन बसवला तेव्हा फळीवर माझ्यासाठी ड्रिल धरून उभा राहिलेला. पण मी विचार केला तो खिशातच राहिलेल्या चिठ्ठीचा, आणि ऑफिसातल्या टोकाला कुणी झाकण उघडून बघितलं असेल का याचा.

कुणी बघितलं नव्हतं. सगळे फावडी घेऊन वाळूच उपसत होते, खांबाकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, आणि नंतर शेडला कुलूप लागलं होतं. बाहेरच्या भिंतीवरची डबी उघडून मी दोन तारा जागेवर लावल्या. ऑफिसात जाऊन दुसऱ्या दोन लावल्या. माझे हात थरथरले नाहीत. बावीस वर्षांची सवय, हातांना काही कळत नाही.

चार वाजता इन्स्पेक्टरनं शेड उघडायला लावली आणि स्वतः अडतीसचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन आला. गेटचा नंबर दाबला, गेटनं उचलला. मग कन्नडमधला एक कागद माझ्यापुढं आला, आमच्याकडं सरकारी कागद कन्नडमध्येच असतात. अडतीस नंबर चालू स्थितीत आढळला, असं त्यावर लिहिलं होतं. आढळला हे तर खरंच होतं. मी सही केली, खाली तारीख घातली.

बाहेर बाकावर रवळू बसला होता, शेजारी एक पोलीस. रवळूचे केस, भुवया, पापण्या सगळं वाळूनं भरलेलं. नखं फाटली होती. मला बघून तो उठला.

"शामू, तू तरी सांग ह्यांस्नी," तो म्हणाला. "फोन मेलता. मी तीनदा दाबून बघितला."

"आता तर चालतोय रं," मी म्हणालो.

या चार शब्दांनी मी त्याला जितेपणी पुरला. त्याला माझा संशय आला नाही, हेच मला सगळ्यांत जड गेलं. त्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं असेल, घाबरून आपण भलतंच बटण दाबलं असेल. तो परत बाकावर बसला आणि आपल्या हाताची बोटं बघत राहिला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते काय सांगू. कारखान्यानं रवळूला कामावरून थांबवलं. कागदावर लिहिलं, साहाय्यकानं नियम मोडून जागा सोडली, फोन चालू असूनही वापरला नाही. हे गावात पोचायला एक दिवस लागला. आमचं गाव काकतीच्या पुढं हायवेपासून जरा आत आहे, अर्धी घरं शेतीवर आणि अर्धी उद्यमबागेच्या बसवर. त्या बसस्टॉपवर रवळूशेजारी कुणी उभं राहीना. त्याच्या घरचं दूध चार घरांनी बंद केलं. दहाव्याला तो नारळ घेऊन सौरवच्या दारात गेला, तर सौरवच्या चुलत्यानं त्याला उंबऱ्यावरनं परत पाठवलं. मित्राला वाळूत सोडून पळाला आणि वर फोनवर ढकलतोय, असं पोरं त्याच्या तोंडावर म्हणायला लागली. नीलमसुद्धा जेवताना म्हणाली की माणूस भितो, मी असते तर मीही भ्याले असते, पण फोनचं खोटं कशाला बोलायचं? मी भाकरी मोडत राहिलो.

मी स्वतःला समजावत होतो. सांगितलं म्हणून सौरव उठून येणार आहे का? रवळूला दुसरीकडं काम मिळेल, मी बघून देईन. माझ्या हातात अकरा कारखाने आहेत. फोनवाल्याचं काम विश्वासावर चालतं, एकदा नाव गेलं की कोण गेटातून आत घेतो? असं रोज रात्री ठरवायचो आणि सकाळी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागायचं.

शेवटी रवळूच मारुतीरावांकडं गेला. मारुतीराव आमचे जुने पंच, आता पंचायत त्यांच्या हातात नाही, पण गाव अजून त्यांचं ऐकतं. रवळू त्यांना म्हणाला, मला देवळात भंडारा उचलू द्या. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. गावदेवी लक्ष्मीपुढच्या ताटातला भंडारा, म्हणजे देवीची हळद, मुठीत घेऊन जे बोललं जातं ते गाव खरं मानतं. कोर्टात हात वर करून खोटं बोललेली माणसं मी बघितली आहेत. भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस अजून तरी माझ्या बघण्यात नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी देवळात माणसं जमली. मी गेलो नसतो तर दिसलं असतं, म्हणून गेलो. खांबाआड बसलो. सौरवची आई मालुबाई पुढं बसली होती. नवरा लवकर गेल्यावर भाजी विकून तिनं सौरवला आयटीआयपर्यंत शिकवलं होतं. तेरा दिवसांत ती निम्मी झाली होती. बायकांच्या बाजूला नीलमही होती.

मारुतीरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की रवळूनं आपण होऊन मागणी केली आहे, तो फोन मेलेला होता असं म्हणून तो भंडारा उचलेल, आणि त्यानं उचलल्यावर कुणी त्याला पुन्हा बोल लावायचा नाही. रवळू पुढं आला. वाकला. त्याचा हात कापत होता, आणि तो कापताना सगळ्यांनी बघितला. कुणीतरी मागून खाकरलं.

"थांब रं," मालुबाई म्हणाली.

ती मागं वळली नाही, लक्ष्मीकडंच बघत बोलली. "ह्येनं कशाला उचलायचा? ह्येच्या हातात काय हुतं? फोन चालू हुता म्हणून कागदावर सही कुणाची हाय? शामूची. मग शामूनं उचलू दे."

माणसं बाजूला सरकली आणि माझ्या आणि देवीच्या मध्ये वाट झाली. मला वाटतं, मालुबाईलाही माझा संशय नव्हता. रवळूवर तिचा राग होता, आणि एका कापणाऱ्या हाताच्या शपथेवर तो सोडून द्यायची तिची तयारी नव्हती. तिला सगळं पक्कं करून हवं होतं. फोन चालू होता हे देवीपुढं ठरलं की रवळूचा विषय संपला असता.

मी पुढं गेलो. मारुतीराव माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण माझ्याशी नेहमी मऊ बोलतात. त्यांनी मला काय म्हणायचं तेही सांगितलं. "तू बघितलास तवा फोन चालू हुता, एवढंच म्हण. लई बोलायचं काम न्हाय."

एवढंच म्हणायचं होतं. आणि ते खरं होतं. मी बघितला तेव्हा, चारचौघांसमोर, इन्स्पेक्टरच्या कानाला, फोन चालू होता. देवीलासुद्धा त्यात शब्दाचं खोटं सापडलं नसतं. मी ताटात हात घातला. भंडारा गार होता. मूठ भरली आणि वर उचलली, बोटांच्या फटीतून थोडा सांडला. रवळू माझ्या शेजारीच उभा होता. तो माझ्याकडं आशेनं बघत होता. अजूनही. मी त्याच्या बाजूनं काहीतरी बोलेन असं त्याला वाटत होतं.

"फोन मेलेला हुता," मी म्हणालो. "शनिवारी मीच त्येची जोडी काढली. लाल चिठ्ठी बांधायची असती, ती बांधली न्हाय. रविवारी इन्स्पेक्टर यायच्या आधी मी ती परत लावली आन सही केली. रवळू खरं बोलतोय."

कुणाला ते लगेच कळलंच नाही. जोडी म्हणजे काय, चिठ्ठी कसली, असं एकमेकांत विचारू लागले. मी परत सांगितलं, सावकाश, साधं करून. दुसऱ्यांदा सांगताना समजलं. सौरवचा चुलता उठून माझ्या अंगावर आला, त्याला दोघांनी धरलं. मारुतीराव खाली बसले. नीलमनं पदर तोंडावर घेतला आणि तो काढलाच नाही.

मालुबाई तेवढी तशीच बसून होती. मग तिनं मला जवळ बोलावलं. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो.

"चिठ्ठी बांधली असतीस तर?" तिनं विचारलं.

याचं उत्तर मी तेरा दिवस कुणाला दिलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

"तर तो आत उतरलाच नसता, आक्का."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली, एखादा हिशेब जुळावा तशी. मग म्हणाली, "हे लिव्ह. आत्ता. हितंच."

मारुतीरावांनी देवळाच्या वर्गणीच्या वहीतला एक कागद फाडून दिला. मी पायरीवर बसून सगळं लिहिलं, तारखेसकट, वेळेसकट, कुठल्या टोकाला कोणत्या तारा हलवल्या त्यासकट. मालुबाईला वाचता येत नाही म्हणून तिला वाचून दाखवलं. तिनं एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं, चिठ्ठीचं. मग सही कर म्हणाली. माझा हात भंडाऱ्यानं पिवळा झाला होता, कागदालाही तो लागला.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे ते मध्ये यायला नको. तो कागद मारुतीरावांकडून घेऊन मी सोमवारी सुहास साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला विचारलं, तुला कळतंय का तू काय करतोयस? कळतंय म्हटलं. मग कन्नडमध्येही लिहून मागितलं, तेही दिलं. पोलिसांत दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा जायचं आहे, शिक्षा काय होईल ते वकिलालाही अजून सांगता येत नाही. रवळूला कामावर परत घेतलं. त्या कारखान्यात मला गेटाच्या आत घेत नाहीत आणि आणखी दोन कारखान्यांनी दुसरा माणूस बघितला. त्यांचं बरोबर आहे. जिथं अजून जातो तिथं लोक माझ्यामागून येऊन प्रत्येक फोन उचलून बघतात. पूर्वी कुणी असं केलं असतं तर मी त्याला झाडला असता. नीलम माझ्याशी बोलते, पण कोगनोळीचं नाव आमच्या घरात निघत नाही. पाहुण्यांच्या त्या काचेच्या खोलीतल्या फोनला नंतर दुसऱ्याकडून वायर ओढून घेतली, पण त्यावरून आजवर एकही कॉल झालेला नाही म्हणतात.

पण मला सांगायचं आहे ते देवळातलंच.

सही झाल्यावर मालुबाईनं कागदाची घडी घालून मारुतीरावांकडं दिली. मला म्हणाली, बाजूला हो. मी बाजूला झालो. मग तिनं रवळूला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं. तेरा दिवसांत त्याला कुणी हात लावला नव्हता. तो अंग चोरून बसला.

"मी तुला अजून इचारलं न्हाय," ती म्हणाली. "तू खोटा हाईस असं वाटत हुतं, मग इचारून काय करू? आता सांग. माझं लेकरू शेवटी काय म्हणलं?"

रवळूनं आधी ताटाकडं बघितलं. मग खालच्या फरशीकडं बघत बोलायला लागला. पहारीच्या एका घावासरशी कडेची सगळी वाळू सुटली. सौरव छातीपर्यंत आत गेला. रवळू वरून दोर ओढत होता, दोर हलत नव्हता. हलवला की आणखी वाळू खाली यायची.

"मी रडाय लागलो आक्का," रवळू म्हणाला. "तर त्योच मला म्हणला, रडतोस काय रं, फोन हाय की. दोर बांध आन लाव जा."

त्या वेळी माझ्याकडं कुणी बघितलं असतं, शिवी दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. कुणी बघितलं नाही.

मालुबाईनं रवळूचा हात सोडला नाही. मग तो म्हणाला की एक गोष्ट राहिली आहे, ती पोलिसांनाही सांगितली नाही, साहेबांनाही नाही.

"फोन मेलता. मी नुसताच रिसीव्हर धरून हुबा हुतो. आतनं सौरव वरडला, लागला का रं? मी म्हणलं, लागला. आलीच ती माणसं." तो भंडाऱ्याच्या ताटाकडं वळला. "मी खोटं बोललो आक्का. त्येच्याशी शेवटचं खोटं बोललो. म्हणून मगा भंडाऱ्यात घालताना हात कापत हुता."

"मग त्यो काय म्हणला?"

"म्हणला, जा, दार उघड त्यांस्नी. आवाज चांगला हुता त्येचा. मी पळालो."

मालुबाईच्या डोळ्यांतून तेव्हा पहिल्यांदा पाणी आलेलं मी बघितलं. ते तिनं पुसलं नाही.

"म्हंजे भ्याला न्हवता," ती म्हणाली.

"न्हाय आक्का. भ्याला न्हवता."

"बरं केलंस रं," ती म्हणाली. त्याच्या तळहातावरून ती आपला हात फिरवत होती, पोराला झोपवताना फिरवावा तसा. "लई बरं केलंस. आता परत सांग. पहिल्यापासनं सांग."

रवळूनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पहारीचा घाव, कडेची वाळू, न हलणारा दोर. मी उठून गेलो असतो तरी मला कुणी अडवलं नसतं. मी खांबाला टेकून बसून राहिलो, आणि सौरवचं 'फोन हाय की' दुसऱ्यांदा ऐकलं.